वैतागाला एक गाणं, दुःखाला दुसरं

मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये 'आधी ऐकलेलं' अशी एक यादी असते. जुनी खर्चाची वही चाळावी तशी मी ती अधूनमधून चाळतो. मागच्या पावसाळ्यातल्या दोन नोंदी तिथे जवळजवळच आहेत. एका दिवशी वीज गेली आणि दोन तास खपून भरलेला हिशेबाचा तक्ता उडाला. त्या संध्याकाळी मी हलगी, ढोल-ताशा आणि एक खणखणीत लावणी ऐकली, तीही आवाज चढवून. त्यानंतर दहाएक दिवसांनी वीस वर्षांचा मित्र पुणं कायमचं सोडून गेला. त्याला स्टेशनवर गाडीत बसवून दिलं आणि परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून एकच ठुमरी चार वेळा ऐकली.

मूड दोन्ही दिवशी खराबच होता. मग एकदा ढोल आणि एकदा ठुमरी, असं का?

मानसशास्त्रात याचं एक सोपं उत्तर बरीच वर्षं चालत होतं. डॉल्फ झिलमन यांनी १९८०च्या दशकात मांडलं, की माणूस आपला मूड फ्रिजमधल्या थर्मोस्टॅटसारखा सांभाळतो. खाली गेला की वर आणणारं काहीतरी शोधतो, फार तापला की थंड करणारं. २००२ साली सिल्व्हिया क्नोब्लोख आणि झिलमन यांनी हे तपासून पाहिलं. चेहरे बघून भावना ओळखायची एक लुटुपुटूची परीक्षा घेतली आणि लोकांना मुद्दाम खोटे निकाल सांगितले, कुणाला 'छान', कुणाला 'अगदीच सुमार'. मग त्यांना संगणकावर हवी ती गाणी निवडू दिली. ज्यांचा मूड पाडला होता ते जोशातली, आनंदी गाणी इतरांपेक्षा जास्त वेळ ऐकत बसले. माझा हिशेबाचा तक्ता आणि ढोल-ताशा या चौकटीत चपखल बसतात. बसमधली ठुमरी मात्र बाहेरच राहते.

तिचा उलगडा मला २०१३च्या एका अभ्यासात सापडला. चान जीन ली, एदुआर्दो आंद्रादे आणि स्टीफन पामर यांनी प्रश्नच जरा वेगळा विचारला. मूड किती खराब आहे हे बाजूला ठेवून, तो कशामुळे खराब झाला आहे ते त्यांनी पाहिलं. काही लोकांना जवळचं नातं तुटल्याची आठवण काढायला सांगितली, काहींना स्पर्धा हरल्याची. दुःख दोन्हीकडे होतंच. पण उदास संगीताची ओढ नातं तुटलेल्यांमध्ये स्पष्टपणे जास्त दिसली. रागाचंही तेच. कुणी सतत मध्येच बोलतंय किंवा कायम उशिरा येतंय म्हणून चिडलेल्यांना संतापलेलं संगीत आवडलं. इंटरनेट बंद पडलं म्हणून चिडलेल्यांना ते तितकं नको होतं.

म्हणजे दुखण्यामागे माणूस असेल, तर गाण्यातही आपल्यासारखंच दुखावलेलं माणूस हवं असतं. राउटरवर रागावलेल्याला समदुःखी लागत नाही, त्याला फक्त तो वैताग झटकायचा असतो. गेलेल्या माणसाची जागा थोडा वेळ भरून काढायला समजून घेणारं कुणीतरी लागतं आणि ते काम गाणं करतं, असा या संशोधकांचा अर्थ.

आपल्याकडे हे जात्यावर बसणाऱ्या बायकांना वेगळं शिकवावं लागलं नसतं. पहाटे जात्यापाशी बसून माहेरचं, सासरचं, गेलेल्या लेकराचं जे काही सांगायचं ते ओवीत सांगायचं. समोर ऐकायला कुणी नसेल तर जात्यालाच देव करून त्याच्यापाशी बोलायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. त्यातला दुःखाचा वाटा बघितला की ली-आंद्रादे-पामर यांचा निष्कर्ष ओळखीचा वाटू लागतो.

पण गाणं 'माणसासारखं' वाटतं तरी कसं? तंबोऱ्याला आणि बासरीला कुठे चेहरा असतो?

फोनवरचं नुसतं 'हॅलो' ऐकून आई विचारते, "काय झालं?" तिने जे ओळखलं तेच आपला कान संगीतातही ओळखतो. उदास माणूस सावकाश, हळू आणि खालच्या पट्टीत बोलतो, त्याच्या आवाजात चढउतार कमी असतात. पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लौका यांनी २००३मध्ये बोलण्यातल्या भावनांवरचे १०४ आणि वादन-गायनातल्या भावनांवरचे ४१ अभ्यास शेजारी ठेवून पाहिले. दोन्हीकडे भावना दाखवायच्या खुणा बऱ्याच अंशी सारख्या निघाल्या. २०१२ साली डॅनियल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी कर्नाटक संगीत आणि तमिळ बोलणं घेतलं, सोबत पाश्चात्त्य संगीत आणि इंग्रजी बोलणं. दोन्ही जोड्यांमध्ये दुःखाकडे झुकलं की स्वरांमधल्या उड्या लहान होतात असं दिसलं. दुःखी माणूस पायऱ्या गाळून उड्या मारत नाही, एकेक पायरी धरून उतरतो. सूरही तसेच उतरतात.

रागसंगीतावर हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातला एक छान अभ्यास आहे, २०१५चा. नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटाने बारा राग घेतले आणि प्रत्येक राग दोन तऱ्हेने ऐकवला: आधी नुसता आलाप, मग तालातली गत. राग तोच, स्वर तेच, पण ताल सुरू झाला की ऐकणाऱ्यांची शांत भावना अधिक जागी, अधिक चळवळी होत गेली. दुसरा निष्कर्ष गवयांना गालात हसवेल असा आहे. श्रोत्यांना अस्वस्थ किंवा उदास वाटणं ज्या स्वराशी सगळ्यात थेट जोडलेलं निघालं तो कोमल रिषभ, म्हणजे जरा उतरवलेला 'रे'. षड्जाला, म्हणजे 'सा'ला, अगदी खेटून बसलेला, घराच्या उंबऱ्यावर येऊन आत न शिरणारा स्वर. मारवा राग ऐकताना संध्याकाळी उगाचच पोटात कालवतं, त्यात या रिषभाचा हात मोठा. शिवाय मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नाही आणि षड्जावरही फार टेकायचं नाही, म्हणजे बसायला जागाच नाही.

सगळंच जन्मजात आहे असं मात्र नाही. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी १९९९मध्ये हिंदुस्थानी राग कधी न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना रागांचे तुकडे ऐकवले. आनंद, दुःख आणि संताप या भावना त्यांनी बऱ्यापैकी ओळखल्या. 'शांत' मात्र त्यांना सापडेना. मला यात गंमत वाटते, कारण शांत रसाने आपल्याकडेही पंडितांना दमवलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात मूळचे रस आठच, शांत नववा म्हणून मागाहून आला आणि त्याला रस म्हणायचं की नाही यावर बरीच खडाजंगी झाली.

नाट्यशास्त्राचा विषय निघालाच आहे तर उदास गाण्यांबद्दलचा सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच ठेवू. दुःख नको असतं, मग दुःखी गाणं हवंसं का? शोक हा भाव आणि करुण हा रस, असा फरक आपल्या शास्त्राने आधीच केलेला होता. हजारएक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त या शास्त्रकाराने सांगितलं, की रंगमंचावरचं दुःख ना त्या नटाचं असतं ना प्रेक्षकाचं. ते कुणाच्याच मालकीचं राहत नाही, म्हणून ते चाखता येतं. याला साधारणीकरण म्हणतात आणि ते चाखू शकणाऱ्याला सहृदय.

आधुनिक विज्ञानाने याच प्रश्नाला हार्मोन लावून पाहिला. डेव्हिड ह्युरॉन यांनी २०११मध्ये तर्क मांडला, की खऱ्या दुःखात शरीर प्रोलॅक्टिन सोडतं आणि ते सांत्वन करतं. उदास गाणं मेंदूला फसवतं: सांत्वन मिळतं, पण ज्याचं सांत्वन करायचं ते दुःख नसतंच. किती देखणी कल्पना! मग २०२१मध्ये तुओमास एरोला आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष हार्मोन मोजले. उदास संगीत ऐकताना हेलावून गेलेल्या सहृदय श्रोत्यांमध्ये प्रोलॅक्टिन वाढायच्या ऐवजी घटलेलं आढळलं. देखणी कल्पना आकड्यांपुढे उभी राहिली नाही. लीला तारुफी आणि स्टेफान कोल्श यांनी २०१४मध्ये ७७२ जणांना सरळ विचारलंच, की उदास गाणं ऐकताना काय वाटतं? सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं. ते होतं जुन्या दिवसांची हुरहुर.

आनंदाचं गणित त्यामानाने सुटत आलं आहे. माँट्रियालच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झॅटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये काही मोजक्या लोकांना त्यांचं स्वतःचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूतलं डोपामीन, सुखाशी जोडलेलं रसायन, मोजलं. काटा येण्याच्या क्षणी ते एका भागात वाढलं. पण त्याच्या काही सेकंद आधी, त्या जागेची वाट बघताना, ते दुसऱ्याच भागात वाढलेलं होतं. मैफलीत बसणाऱ्याला याचं भाषांतर लागणार नाही. तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणारा तुकडा, सुरू झाली की समेच्या आधीच मान तयार असते. 'क्या बात है' समेवर निघतं खरं, पण त्याची तयारी दोन मात्रा आधीच झालेली असते.

(हे सगळ्यांना होतं असंही नाही. माझे एक काका मैफलीत फक्त घड्याळ बघतात. आम्ही त्यांना अरसिक म्हणत आलो. २०१४मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशा लोकांचा अभ्यास केला: ऐकू नीट येतं, गाण्यातली भावनाही कळते, पैसे जिंकले की आनंदही होतो, फक्त संगीताने काही होत नाही. काकांची आम्ही उशिरा का होईना माफी मागितली.)

मूड घड्याळाबरोबरही सरकतो. २०१९च्या एका अभ्यासात ५१ देशांतल्या १० लाख लोकांनी ऐकलेल्या ७६ कोटी ५० लाख गाण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रात्र चढते तसं संगीत निवांत होतं आणि दिवसा जोमदार, हा आलेख देशोदेशी सारखाच निघाला. हे वाचून संगीतशास्त्री भातखंडे आणि रागांचे ठरलेले प्रहर आठवणं स्वाभाविक आहे, पण इथे थोडं सावरून घ्यावं. रात्री लोक शांत गाणी लावतात यावरून दरबारी राग रात्रीच गायला हवा हे सिद्ध होत नाही. इतकंच म्हणता येतं, की कोणत्या वेळी काय बरं वाटतं याचा विचार आपल्याकडच्या लोकांनी फार बारकाईने केला होता.

एक गोष्ट मात्र हलक्याने घेण्यासारखी नाही. नैराश्याचा आजार असलेले लोक उदास संगीत जास्त निवडतात, हे याएल मिलग्राम आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवलं आणि त्यातून असा अर्थ निघाला, की ही माणसं जणू दुःखातच राहू पाहतात. तो अर्थ मला तेव्हाही खटकला होता. २०२०मध्ये सुनक्युंग युन आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांना विचारलं, की हेच का निवडलं? उत्तर आलं: याने जीव शांत होतो. त्यांना ओढ उदासीची नव्हती, कमी दमवणाऱ्या आवाजाची होती. ज्याच्या अंगात उठून बसायचं त्राण नाही त्याच्या कानाशी ढोल वाजवून काय होणार? उगाळत बसण्याची सवय असलेल्यांना तेच ते उदास गाणं आणखी खाली नेतं, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे घरातलं कुणी आठवडेच्या आठवडे त्याच गाण्यात अडकलं असेल, तर गाणं बदलायला सांगण्यापेक्षा त्याला डॉक्टरकडे घेऊन जाणं बरं.

संगीतोपचारात १९४०च्या दशकापासून एक युक्ती वापरतात. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी ती मांडली. रुग्ण ज्या मूडमध्ये आहे त्याच मूडच्या संगीतापासून सुरुवात करायची आणि मग पायरी-पायरीने हव्या त्या मूडकडे सरकायचं. उदास माणसाला थेट आनंदी गाणं ऐकवलं तर तो कान मिटतो. आधी त्याच्याबरोबर बसावं लागतं, मग हात धरून उठवता येतं. ख्यालगायन विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या बड्या ख्यालाने सुरू होऊन द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या छोट्या ख्यालाने संपतं, त्याचं कारण शास्त्राच्या पुस्तकात काहीही दिलेलं असो, ऐकणाऱ्याच्या बाबतीत घडतं ते साधारण हेच.

हे वाचल्यावर मी त्या बसच्या दिवसाची यादी पुन्हा काढली. चार वेळा ठुमरी, हे मला आठवत होतं. पाचवी नोंद मध्यलयीतल्या एका नाट्यपदाची आहे, सहावी जरा चढत्या लयीच्या अभंगाची. सातव्या नोंदीची वेळ बघितली तर तोवर बस स्वारगेटला पोचलेली असणार. ती तीच लावणी आहे, ढोल-ताशाच्या दिवशीची. ती मी कधी लावली ते मला अजिबात आठवत नाही.