पूर्वजोडणी (विंडो प्रोग्रॅमिंग)

डेस्कटॉप उपयोजनाचा नवा प्रकल्प उघडताच साच्यात आधीच बांधलेली, खिडकीतील वस्तू व आज्ञावलीतील वस्तू यांची गाठ. इंग्रजीतील ‘डीफॉल्ट कनेक्शन’साठी हा शब्द येथे योजला असून विवेचन मॅकओएसवरील कोको या, उपयोजने रचण्याच्या तयार चौकटीपुरते आहे.

या रीतीचे मूळ कोठले, याबद्दल एकमत नाही. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७८–७९ या काळात मांडलेल्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचनेकडे बोट दाखवले जाते. दृश्य व तर्क तेथे वेगळे झाले हे खरे. परंतु चित्रात रेषा ओढून जोडणी करण्याचे श्रेय झां-मारी ह्युलो (१९५४–२०१९) यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी मॅकिंटॉशवर लिस्प या संगणक-भाषेत असे साधन रचले. पुढे नेक्स्ट या संगणक कंपनीत त्याचे ‘इंटरफेस बिल्डर’ झाले. खिडकीची मांडणी व जोडण्या साठवणाऱ्या फाइलीला ‘निब’ म्हणतात; त्या नावातील पहिले अक्षर नेक्स्टचेच.

साध्या साच्यात ‘फाइल्स ओनर’ (निबची मालक वस्तू) म्हणजे खुद्द उपयोजन. त्याच्या ‘डेलिगेट’ या आउटलेटला (दुसऱ्या वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या नामित दुव्याला) त्याच्या वतीने काम पाहणारी प्रतिनिधी-वस्तू आणि तिच्या ‘विंडो’ आउटलेटला खिडकी जोडलेली असते. मेनूतील ‘कॉपी’, ‘पेस्ट’ या आज्ञांचे टोक मात्र ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ या रिकाम्या जागेकडे जाते. आज्ञा आधी निवडलेल्या घटकाकडे, मग क्रमाने वरच्या दृश्यांकडे, खिडकीकडे, खिडकीच्या प्रतिनिधीकडे व शेवटी उपयोजन आणि त्याच्या प्रतिनिधीकडे पोचते. वाटेत जो पेलेल तो ती पार पाडतो. म्हणून एकही ओळ न लिहिता मजकूर चिकटवता येतो. नवशिक्याने सर्वप्रथम ही साखळीच समजून घ्यावी. आउटलेटची नावे निब उघडताना जुळवली जातात, संकलनाच्या वेळी नव्हे. संहितेत नाव बदलून जुनी जोडणी तशीच ठेवली, तर चूक कार्यक्रम चालवल्यावरच कळते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात हा विषय प्रामुख्याने इंग्रजीतून शिकवला जातो. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) बेळगावातच आहे. येथील गिऱ्हाईक मराठी आणि कन्नड असे दोन्ही असल्याने जोडणी मथळ्यावर अवलंबून नसणे मोलाचे ठरते. बटणावर ‘जतन करा’ लिहा की कन्नडमध्ये ‘उळिसि’, गाठ तीच राहते. पूर्वी प्रत्येक भाषेसाठी निबची वेगळी प्रत ठेवत, त्यामुळे एक दुरुस्ती दोनदा करावी लागे. २०१२ मध्ये आलेल्या ‘बेस’ पद्धतीत जोडण्या एकाच फाइलीत राहतात. मराठी व कन्नड मथळ्यांच्या तेवढ्या स्वतंत्र यादी-फाइली असतात.