काढलेलं हाड पुन्हा त्याच पायात

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेकदा उंची झपाट्यानं वाढण्याच्या वयात होतो आणि गुडघ्याच्या आसपासची जागा धरतो. खेळताना लागलं असेल म्हणून घरी तेल चोळलं जातं, त्यात आठवडे जातात. रात्रीही थांबत नाही असं दुखणं आणि वाढत जाणारी सूज असेल तर मालिश नको, आधी एक्स-रे काढा.

१९७०च्या दशकापर्यंत यावर पाय कापणं हाच उपाय होता. तरीही पाचांतलं जेमतेम एखादं मूल वाचत असे, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या कॅन्सरपेशी आधीच फुप्फुसांत पोचलेल्या असत. किमोथेरपीनं हे चित्र पालटलं. आता बहुतेकांचा पाय राखता येतो. प्रश्न उरतो तो गाठीसकट काढलेल्या वीतभर हाडाच्या जागी काय बसवायचं याचा.

धातूचा सांधा बसवता येतो, हाडपेढीतलं दात्याचं हाडही चालतं. मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो तिसरा मार्ग: रुग्णाचं स्वतःचंच हाड. ते बाहेर काढून गाठ खरवडतात, निर्जंतुक वेष्टनात गुंडाळून रेडिएशनच्या यंत्राखाली नेतात आणि हाडात उरलेल्या कॅन्सरपेशी मारायला साधारण ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) मात्रा एकाच वेळी देतात. एरवी रुग्णाला दिवसाला २ ग्रेच्या आसपास देतात. एवढी मात्रा शरीराला सोसली नसती, पण हाड तर शरीराबाहेर आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ही पद्धत वापरली जाते. जपानमधले शल्यविशारद हेच काम उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं करतात. मग तेच हाड प्लेट-स्क्रूनं मूळ जागी बसवतात. माप तंतोतंत जुळतं, दाता शोधावा लागत नाही. गाठीनं हाड फारच पोखरलं असेल तर मात्र हा मार्ग बंद.

परत बसवलेलं हाड मेलेलं असतं. शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या आणि पेशी त्यात हळूहळू शिरतात, जुनं खात नवं रचत जातात. हे हाड शेजारच्या हाडाशी सांधलं जायला कित्येक महिने लागतात. तोवर जंतुसंसर्गाची, हाड मोडण्याची धास्ती असतेच. म्हणून कधी कधी नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून या मेलेल्या हाडाच्या पोकळीत बसवतात. बाहेरचं मेलेलं हाड भार पेलतं, आतलं जिवंत हाड ते सांधायला मदत करतं. पुढे पायावर वजन पडू लागलं की ती बोटाएवढी काडी वर्षागणिक जाड होत जाते.