खुलासा : उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही?

'चित्रकाराच्या खोलीची खिडकी उत्तरेलाच हवी, तिथून वर्षभर ऊन येत नाही,' हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय. तो खोटा नाही, पण युरोपातला आहे. तिथं भर दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो, म्हणून उत्तरेचा उजेड बराचसा स्थिर राहतो.

बेळगाव सुमारे १५.९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच खाली. त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दुपारचं ऊन छज्जा अडवतो. खरा त्रास सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा. मे महिन्यात सकाळी आठला पॅलेटवरचा पांढरा रंग पिवळसर दिसू लागतो, आणि आपण उगाच निळा मिसळत बसतो.

पडताळा सोपा आहे. अंगणात काठी सरळ रोवा, साडेबाराच्या सुमारास सावली बघा. डिसेंबरात ती उत्तरेला पडते, मेअखेरीस दक्षिणेला. जूनमध्ये आपल्याकडं ढगांमुळं बघायची संधी कमीच, म्हणून मेच बरा.

खानापूर, निपाणीलाही हेच. उत्तरेची खिडकी असेल तर ठेवाच, उरलेले आठ-नऊ महिने ती उत्तम उजेड देते. उन्हाळ्यात फक्त पातळ पांढरं धोतर आडवं लावा.