चाळकेवाडीचा सरडा

चाळकेवाडीचा सरडा : सातारा जिल्ह्यात ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचा सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. तिथला हा गळ्याला पंखा असलेला सरडा. शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या जातीचे वर्णन केले, तेव्हा तिच्यासाठी नवा वंश मांडला आणि त्याचे नाव मराठी शब्दावरूनच ठेवले. लॅटिन नावांच्या गर्दीत आपला सरडा जसाच्या तसा जाऊन बसला! त्याआधी असे सरडे ‘सिताना’ वंशात धरले जात.

पंखा नराचा, त्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग. मादी मातकट. सातारकर कासला जातात ते पावसाळ्याच्या अखेरीस, फुलांसाठी. या सरड्याचा हंगाम मात्र भर उन्हाळ्यात, सडा करपलेला असताना. विणीच्या त्या दिवसांत नर दगडावर चढून पंखा सारखा उघडतो-मिटतो. मादीला बोलावणे आणि शेजारच्या नराला दटावणे, दोन्ही त्यातच.

सड्याच्या काही भागात अनेक वर्षांपासून पवनचक्क्या आहेत, काही भाग मोकळा आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी दोन्हींची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. मोकळ्या भागात तिसा, कापशी घार असे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट निघाले. चक्क्यांखाली शिकारी कमी, म्हणून सरडे जास्त. इथवर कोणीही अंदाज केला असता. पण तिथले सरडे वागायलाही वेगळे होते. पकडल्यावर रक्तात वाढणारे ताणाचे संप्रेरक त्यांच्यात कमी भरले. माणूस पार जवळ येईपर्यंत ते जागचे हलत नव्हते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, इथे धावायचीच घाई नाही.

पाते सरड्याला शिवतही नाही. ते वरच्या पक्ष्यांना दूर ठेवते, आणि अन्नसाखळीच्या शेंड्यावरच्या शिकाऱ्याची जागा यंत्र घेते. निर्धास्तपणाची किंमतही आहे. दाटी झाल्याने खाण्यासाठी चढाओढ वाढते. चक्क्यांखालचे नर अंगाने हडकुळे होते, आणि त्यांच्या पंख्यातला निळा व नारिंगी रंग मोकळ्या सड्यावरच्या नरांपेक्षा फिका होता.