शेपटीतला नट आणि न पोचलेलं ग्रीस

मराठवाड्यात विमान अपघात म्हटलं की 26 एप्रिल 1993 आठवतो. चिकलठाण्याहून उडणारं बोइंग 737 रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकलं आणि 55 जण गेले. तो अपघात यंत्रबिघाडाचा नव्हता. हवेत यंत्रच कसं दगा देतं ते पाहायचं, तर 31 जानेवारी 2000 रोजी कोसळलेल्या अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट 261 कडे पाहावं. मेक्सिकोहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं हे एमडी-83 कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडलं. 88 पैकी कुणीही वाचलं नाही.

या विमानाच्या शेपटीवरचा आडवा पंख एका उभ्या स्क्रूने कमी-जास्त कलतो आणि त्यावर नाकाचा तोल राहतो. नट उभ्या शेपटीला पक्का बसवलेला. मोटर फिरली की स्क्रू त्यातून वर-खाली सरकतो. वाळूजच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्याला ही जोडी लगेच ओळखू येईल, लेथचं हत्यार सरकवणाऱ्या लीड स्क्रूचीच ती मोठी बहीण. स्क्रू पोलादाचा, नट ब्राँझचा. झिजायचं ते नटाने, म्हणून तो मुद्दाम मऊ.

झीज मोजतात ती 'प्ले'वरून, म्हणजे स्क्रू नटात किती हलतो त्यावरून. मर्यादा 0.040 इंच, जेमतेम 1 मिलिमीटर. सप्टेंबर 1997 मध्ये या विमानात बरोबर 0.040 भरला. पुन्हा मोजल्यावर 0.033 आला आणि नट न बदलता विमान उडायला लागलं. अपेक्षित झीज 1,000 तासांना 0.001 इंच होती. प्रत्यक्षात ती सुमारे बारापट वेगाने होत गेली.

कारण ग्रीस. वंगणाची मुदत वाढत वाढत 8 महिन्यांवर गेली होती, प्ले तपासायची 30 महिन्यांवर. नीट काम म्हणजे निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, ग्रीस गन लावून नटाच्या वरून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं, स्क्रूच्या आट्यांना ब्रशने वरून खालपर्यंत लावायचं, मग यंत्रणा पूर्ण पल्ल्यात फिरवायची. झाकण लहान, हात जेमतेम जातो. अपघात चौकशीच्या अंदाजाने या कामाला चार तास लागतात. समुद्रातून काढलेल्या या स्क्रूच्या कामाच्या भागावर ग्रीस सापडलं नाही. निपलपासून आत जाणारी वाट सुकलेल्या गाळाने तुंबलेली होती, आणि नटातल्या आट्यांचे अवशेष स्प्रिंगसारखे स्क्रूला गुंडाळलेले होते. तुटण्याआधीच आट्यांची जाडी 90 टक्के झिजून गेली होती.

मला सगळ्यात गंभीर वाटतो तो रचनेतला दोष. नटात दोन स्वतंत्र आटे होते. एक गेला तर दुसरा भार पेलेल, हा हिशोब. पण दोघांना ग्रीस एकच, झीजही एकाच वेळी. ही सोय फक्त कागदावर दुहेरी होती.

त्या दिवशी आधी शेपटीवरचा आडवा पंख अडकला. वैमानिकांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा उरलेले आटे निघाले आणि विमान 31,000 फुटांवरून खाली झेपावलं. त्यांनी 24,000 फुटांच्या आसपास सावरलं. आता सगळा भार स्क्रूच्या खालच्या टोकाच्या स्टॉपवर, म्हणजे स्क्रू अडवणाऱ्या तुकड्यावर होता, जो एवढा भार सोसायला बनवलेलाच नव्हता. सुमारे दहा मिनिटांनी तो आधारही गेला.

नंतर अमेरिकेत या विमानांना दर 650 तासांनी वंगण आणि दर 2,000 तासांनी प्ले तपासणी सक्तीची झाली.