ऑनलाइन उपासना आणि प्रभुभोजनाचा प्रश्न : पार्श्वभूमी

दूरवरून उपासना ऐकण्याची ख्रिस्ती मंडळींना जुनी सवय आहे. व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र १९३१ मध्ये सुरू झाले आणि संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात उघडले, पण दोन्हींवरून केवळ एकतर्फी बोलणे होत असे. ऐकणाऱ्याला जागच्या जागी उत्तर देता येऊ लागले, तेव्हा त्याची देखभाल कोणी करायची हा प्रश्न आला. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये एक त्रिमितीय चर्च प्रयोगादाखल इंटरनेटवर उभे राहिले. काही आगंतुकांनी तेथे व्यासपीठावर चढून शिवीगाळ केली, तेव्हा स्वयंसेवक पहारेकऱ्यांच्या हाती गोंधळ्यांना बाहेर काढण्याचे बटण द्यावे लागले. ऑनलाइन सेवाकार्याच्या नियोजनातला पहिला धडा असा व्यवस्थेचा होता, ईशज्ञानाचा नव्हे.

धर्माधिकाऱ्यांची बहुतेक शक्ती मात्र प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रार्थनेनंतर भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, प्रश्नावर खर्च झाली. इंटरनेटवर संस्कार (प्रभुभोजन, पापनिवेदन यांसारखे पवित्र विधी) होत नाहीत, असे रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, २००२ मध्येच लिहून ठेवले होते. २०११ मध्ये पापनिवेदनाच्या तयारीसाठी मोबाइल अ‍ॅप निघाले, तेव्हाही धर्मगुरूसमोर प्रत्यक्ष जाण्याला पर्याय नाही, असा खुलासा तेथून आला. प्रोटेस्टंटांमध्ये एकमत कधीच नव्हते. अमेरिकेतील एका मोठ्या पंथाने २०१३ मध्ये ऑनलाइन प्रभुभोजन तूर्त थांबवायला सांगितले. तेथीलच दुसऱ्या पंथाने मार्च २०२० मध्ये आणीबाणीची सवलत म्हणून त्याला परवानगी दिली. आणि इंग्लंडच्या बिशपांनी घरी पडद्यासमोर भाकर व द्राक्षारस ठेवण्यास लोकांना प्रोत्साहन देऊ नये, असे सुचवले. वादाचा गाभा एवढाच, की पाळकाच्या प्रार्थनेची व्याप्ती त्याच्यासमोरच्या मेजापुरती, की एकाच वेळी प्रार्थना करणाऱ्या सर्वांच्या मेजांपर्यंत. दुसरे उत्तर मान्य केले, तर रेकॉर्डिंग रात्री लावून घेतलेल्या भाकरीचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि तो टाळण्यासाठी परवानगी देणाऱ्यांनाही उपासना थेटच हवी, असा आग्रह धरावा लागतो.

कॅथलिकांनी ‘आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद’ हा जुना शब्द बाहेर काढला. संस्कार घेता येत नसताना मनातून ख्रिस्ताला स्वीकारण्याची ही प्रार्थना शतकांपासून आहे. २०२० मध्ये ती पडद्यावर मिस्सेच्या (कॅथलिक उपासनेच्या) मध्यावर झळकू लागली आणि अनेकांनी ती जणू संस्काराचीच बदली मानली. शब्द चुकीचा नव्हता; तो समजावून सांगायला मात्र फारशी उसंत कोणाला मिळाली नाही. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि १२ एप्रिलला ईस्टर होता. धर्मगुरूंच्या मोबाइलवरून प्रसारण करायचे, तर यूट्यूबला तेव्हा हजार सदस्य लागत, म्हणून अनेक ठिकाणी सुरुवात फेसबुकवर झाली, आणि झूमची फुकट सभा चाळीस मिनिटांत तुटे, ती प्रवचनाच्या ऐन मध्यावरही. घरोघरी ‘मिस्सा लाव’ हा शब्दप्रयोग रुळला, तो याच काळात.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला परत खुली झाली. कॅमेरे मात्र अनेक ठिकाणी राहिले. आजारी, वृद्ध आणि परदेशी गेलेली मुले पाहतच राहिली. परदेशातून दान आले, की विदेशी योगदान कायद्याची अट आडवी येते : भारतीय पारपत्रधारकाची देणगी विदेशी ठरत नाही, नागरिकत्व सोडलेल्याची ठरते, आणि क्यूआर कोडला हा फरक कळत नाही.

माझ्या मते मूळ अडचण याहून जुनी आहे. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या धर्मगुरूकडे सोपवलेला विभाग, साधारणपणे हद्दीवर आखलेला असतो. वसईचा माणूस मस्कतला गेला, की तो तेथील धर्मगुरूच्या जबाबदारीत जातो. तो रविवारी वसईची मिस्सा पाहतो आणि चॅटमध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी प्रार्थना मागतो. त्याला उत्तर देण्याचे काम मग बहुधा कॅमेरा सांभाळणाऱ्या तरुणाकडेच येते.