हवामान बदलाविषयीची साशंकता (सोलापूर परिसर)

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे, ही वाढ मुख्यतः कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने झाली आहे आणि तिचे परिणाम गंभीर आहेत, या शास्त्रीय निष्कर्षांपैकी एखादा किंवा सर्वच न पटणे म्हणजे हवामान बदलाविषयीची साशंकता. जर्मन शास्त्रज्ञ स्टेफान राह्मस्टॉर्फ यांनी साशंकांचे तीन गट केले आहेत : तापमानवाढच नाकारणारे, वाढ मान्य करून तिचे मानवी कारण नाकारणारे आणि दोन्ही मान्य करून परिणाम किरकोळ ठरवणारे. यांपैकी पहिला गट सोलापूर जिल्ह्यात शोधावाच लागेल. ऋतू फिरले, मृग कोरडा जातो, अवकाळी नेमका द्राक्षाला गाठतो, ही वाक्ये बार्शीपासून सांगोल्यापर्यंत कोणत्याही पारावर ऐकू येतात. वाद आहे तो कारणाचा, आणि त्याहून अधिक जबाबदारीचा.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पाऊस मुळातच लहरी आहे आणि रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर उभी राहते. सोलापूरजवळचा एकरुख तलाव १८७१ साली पूर्ण झाला आणि पाचच वर्षांनी १८७६–७८ चा भीषण दुष्काळ सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तर आजही घराघरांत निघतात. ‘बहात्तर साली कुठे होत्या एवढ्या गाड्या?’ हा प्रश्न त्यामुळे अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. १९७२ साली प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो (तिथले पाणी नेहमीपेक्षा तापण्याची नैसर्गिक घटना, जिच्यामुळे भारतात बहुधा पाऊस घटतो) होता, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की, नैसर्गिक चढउतार आणि मानवनिर्मित कल ही दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकतात आणि जिथे चढउतारच मोठे, तिथे कल एका माणसाच्या आठवणीतून वेगळा काढता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. सोलापूर या पट्ट्याच्या बाहेर, नैर्ऋत्येला आहे. म्हणून ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी किंवा सप्टेंबर २०२५ मधील सीना नदीचा महापूर यांना तो आकडा थेट चिकटवणे योग्य नाही, जरी तसे सर्रास केले जात असले तरी.

कारणाविषयीच्या शंकांमध्ये ‘सूर्यच जास्त तापतो आहे’ ही नेहमीची. १९७८ पासून उपग्रहांनी सूर्याच्या ऊर्जेची सलग मोजणी केली आहे. तिच्यात सुमारे अकरा वर्षांचे चक्र दिसते, वाढता कल दिसत नाही. शिवाय दोष सूर्याचा असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत असून त्यावरचे स्थितांबर थंड होत आहे, आणि हरितगृह वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडवणारे वायू, वाढले तर असेच घडायला हवे. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो हे युनिस फूट यांनी १८५६ मध्ये आणि जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले, आणि स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये त्यावरून तापमानवाढीचे गणित मांडले. म्हणजे हा विचार अलीकडच्या जागतिक परिषदांतून निघालेला नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर आहेत. ही भर जमिनीखालच्या इंधनातली आहे हे कसे ओळखायचे? कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे गाडलेले असल्यामुळे त्यांत किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण त्यानुसार विरळ होत गेल्याचे हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकात नोंदवले.

जिल्ह्यातील संशयाला एक खास स्थानिक धागाही आहे, तो विमानांचा. पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर हे केंद्र धरून, पाऊस वाढतो का हे पाहण्यासाठी विमानातून ढगांमध्ये कॅल्शियम क्लोराइडचे सूक्ष्म कण सोडण्याचे प्रयोग केले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही ढगांत कण सोडले गेले आणि काही ढग तुलनेसाठी मुद्दाम तसेच ठेवले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कण सोडलेल्या ढगांपासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. गावातून दिसले ते एवढेच की, विमान आले, घिरट्या घालून गेले आणि आभाळ मोकळे झाले. त्यामुळे ‘विमानाने ढग पळवले’ हा समज सहज रुजतो. पावसाळी ढगाचे आयुष्य मुळात तासाभराच्या आसपासचे असते आणि विमान न येताही बरेच ढग न बरसता विरतात, हे जमिनीवरून कळणे कठीण. पाऊस माणसाने बिघडवला, ही या समजातली भावना मात्र विज्ञानाच्या निष्कर्षाशी विचित्रपणे जवळ जाते. फक्त आरोपी चुकीचा आहे.

अंदाज चुकला म्हणून शास्त्रच खोटे, असाही एक मतप्रवाह आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीच्या सुमारास दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, गूळ, खोबरे वगैरे ठेवून त्याच्या हालचालींवरून पाऊसपाणी आणि बाजारभाव यांची भाकणूक केली जाते. ही भाकणूक काय किंवा पंचांगातील नक्षत्रांची वाहने काय, येत्या वर्षापुरतेच सांगतात, आणि हवामान खात्याकडूनही लोकांना तेवढेच हवे असते. तीस-चाळीस वर्षांच्या सरासरीबद्दलचे विधान यंदाच्या पेरणीला उपयोगी पडत नाही. त्यामुळे त्यावर विश्वास ठेवण्याची किंवा न ठेवण्याची वेळही सहसा येत नाही.

सर्वांत समर्थनीय शंका पाण्याच्या कारभाराविषयीची आहे. उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून तिच्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचे तळाचे पाणी, आहे. तरीही तुटीच्या वर्षांत धरण ‘मायनस’मध्ये जाते, म्हणजे मृतसाठ्यातले पाणीही वापरले जाते, कारण याच दुष्काळी जिल्ह्यात ऊस आणि साखर कारखाने यांचा मोठा पसारा आहे. अशा वेळी टंचाईचे सगळे खापर हवामान बदलावर फोडले की ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते, आणि बऱ्याचदा ती असतेही. जागतिक पातळीवरील अशीच तक्रार पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये मांडली होती : श्रीमंत देशांचे चैनीचे उत्सर्जन आणि गरिबांचे जगण्यापुरते उत्सर्जन एकाच मापाने मोजू नये. आजही भारतीयाचे दरडोई कार्बन उत्सर्जन अमेरिकन माणसाच्या कित्येक पटींनी कमी आहे. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील हे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) अहवालातील विधान चुकीचे असल्याचे जानेवारी २०१० मध्ये समितीनेच मान्य केले, तेव्हा भारतातील अविश्वासाला आणखी एक आधार मिळाला.

येल विद्यापीठाच्या २०२२ च्या सर्वेक्षणात शेकडा ८४ भारतीयांनी तापमानवाढ होत असल्याचे मान्य केले, पण ती मुख्यतः मानवी कृतींमुळे होते असे म्हणणारे शेकडा ५७ च होते. सोलापुरात ही दरी रोजच्या व्यवहारात फारशी जाणवत नाही. कारण काहीही मानले तरी शेततळे, ठिबक आणि पीकविमा यांची गरज तीच राहते आणि ज्वारी सोडून डाळिंबाकडे वळण्याचा हिशेबही तोच. ती उघडी पडते ती होटगीजवळच्या फताटेवाडी येथील १३२० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राचा विषय निघाला की. तिथे चर्चा राख, पाणी आणि नोकऱ्या यांचीच होते. चिमणीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा उल्लेख क्वचितच होतो.